केळीच्या खोडांवरची भिंत

भिंत पडायचीच असेल तर ती पुढे पडते, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मागून मातीचा रेटा, पुढे सगळं मोकळं, मग ती जाणार कुठे? पण माझी भिंत मागे चालली होती. पुढ्यात नाला सताड उघडा, आणि ही बया रोज जराजरा मागे, घराच्या दिशेने रेलायची. भरपेट जेवलेला माणूस तक्क्याला रेलतो ना, तशी. गावातला एकेक जण येऊन बघून जायचा, आणि जाताना मला एक फुकटचा सल्ला देऊन जायचा.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी जळगावला ओव्हरसियर होतो. मूळचा साक्रीकडचा. आमच्याकडे जमीन म्हणजे मुरूम, नाहीतर कातळ. पहार मारली की खांद्यापर्यंत झिणझिण्या येतात. बायको म्हणायची, तुमचं डोकंही त्याच जमिनीतलं, वरून तापतं आणि आत काही शिरत नाही. असा मी बदली होऊन आलो तो काळ्या मातीच्या, केळीच्या मुलखात. गाव असोद्याच्या थोडं पुढचं. नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून दर हिवाळ्यात मला भरीत खायला बोलावतात, ते बंद पडायला नको.

गावाच्या शेवटच्या गल्लीमागून नाला जातो. वळणावर तो काठ खातो. त्या वळणावर अक्कांचं घर होतं. घर चांगलं विटांचं, पण मागचं अंगण दरवर्षी हातभर कमी व्हायचं. तो काठ थोपवायला दगडी भिंत मंजूर झाली, आणि होळी झाल्यावर काम माझ्याकडे आलं. पहिल्याच दिवशी मी टेप लावून उभा होतो, तर अक्का कंबरेवर हात ठेवून समोर आल्या. साठीच्या, काटक, आवाज नाल्यापलीकडे जाईल असा.

"साहेबभाऊ, भिंत कव्हा व्हईन?"

"पावसाआधी होईल, अक्का."

"पावसाचं मले काय सांगू नको. श्रावणात कानबाई हाये. अंगण पाहिजे मले."

कानबाई म्हणजे आमच्या खान्देशाचा सण. नागपंचमीनंतरच्या रविवारी देवी बसते, सोमवारी सकाळी तिला नदीवर बोळवतात, आणि कुठेकुठे पांगलेली सगळी भाऊबंदकी एका घरात गोळा होते. अक्कांच्या भाऊबंदांची कानबाई थोरलं घर म्हणून त्यांच्याकडे बसायची. मालक वारले होते, मुलगा सुरतेला. गेल्या साली अंगणात माणसं मावली नाहीत, पाटावरच्या दोन जावा नाल्यात पडता पडता वाचल्या, तेव्हापासून त्यांच्या दिरांनी घोषा लावला होता की कानबाई आता दीपनगरला वीज केंद्राच्या आमच्या क्वार्टरमध्ये बसवू. पक्कं बांधकाम, नळाचं पाणी, लाइट.

"बसवा की एक वर्ष," मी म्हणालो. "सोय तर आहे."

"एक वरीस?" अक्का माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जसं काही मी त्यांची म्हैस विकायला काढली. "बाप्पा, एकदा गेली का ती परत येत नाई. कानबाईच्या पायी तरी लोकं हा उंबरा पाहतात. ती गेली का इथं कोण राहीन? मी अन् म्हैस!"

मी टेपचं दुसरं टोक धरायला गवंड्याला हाक मारली.

भिंतीच्या जागेचा अंदाज माझ्या येण्याआधीच झालेला होता. दोन टोकांना दोन खड्डे घेतले होते आणि दोन्हीत दोन-तीन हातांवर झकास मुरूम लागला होता. मधे काय आहे ते कोणी पाहिलं नव्हतं. मी आपलं गावात विचारलं, इथली माती कशी आहे? सगळे एका सुरात म्हणाले, एक नंबर काळी माती, साहेब, केळी कशी येते बघा. उन्हाळ्यात वरून ती जमीन अशी टणक झालेली की कुदळ उडायची. मी खूश. म्हटलं, अरे वा, आपली साक्रीच भेटली!

वरचा टणक थर फुटला आणि मधल्या टप्प्यात कुदळ मुठीपर्यंत आत गेली. बाहेर आला तो काळपट, दोरे दोरे असलेला, ओलागच्च चोथा. हातात घेऊन पिळला की पाणी गळायचं. वास असा की गवंड्याने नाकाला उपरणं बांधलं. माझ्या काही लक्षात येईना. शेवटी गल्लीतला एक जण काठावर बसून बिडी ओढत होता, तो सहज म्हणाला, "खोडं हायेत ती."

"कसली खोडं?"

"केळीची. घड कापला का खोडं टाकायची कुठी? वावरात ठेवली तर पुढचं पीक लावता येत नाई. आमच्या आबाच्या आबापासून सगळे इथीच टाकतात."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. "अहो, मग मी माती विचारली तेव्हा सांगायचं ना!"

"माती विचारली, माती सांगितली," तो शांतपणे म्हणाला. "खोड म्हणजे काय माती हाये का?"

तीन-चार पिढ्यांची केळी त्या वळणात कुजून बसली होती, वर दरवर्षी नाल्याचा गाळ, आणि त्यावर ऊन खाऊन टणक झालेली पापडी. आणि त्याच्यावर मला दगडी भिंत उभी करायची होती.

अशी जमीन कशी वागते ते कॉलेजात एका तासात शिकवलं होतं, आणि त्या तासाला मी बहुतेक डुलक्या घेत होतो. इथे ती रोज सकाळी शिकवायची. संध्याकाळी पुरुषभर खोल चर खणून घरी जावं, तर सकाळी तो कंबरेएवढा. कोणी भरला म्हणावं तर वर पावलांचा मागमूस नाही. तळ आपोआप वर आलेला असायचा आणि दोन्ही बाजू आत सरकलेल्या. आजूबाजूच्या जमिनीचं वजन त्या चोथ्याला दाबत होतं आणि तो मोकळ्या जागेत निघून येत होता. मजूर म्हणायला लागले, ही जागा बरी नाही, नारळ फोडा. मी नारळही फोडला. खोबरं सगळ्यांनी खाल्लं आणि सकाळी चर पुन्हा कंबरेएवढा.

मग मी पाणी उपसायला इंजिन लावलं. आणि तळ खरंच जागेवर राहिला! मी गवंड्याला म्हणालो, बघितलं, शिक्षण म्हणतात ते हे. दुसऱ्या दिवशी अक्का लाटणं घेऊन आल्या. लाटणं मारायला आणलं नव्हतं, ते नुसतं हातात राहिलं होतं, पण मी दोन पावलं मागे सरलोच.

"ये, ये घरात. दाखवते तुझं काम."

स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला भेग गेली होती. बोट आत जाईल एवढी. भेगेतून नाल्याकडचा उजेड दिसत होता. मी इकडे पाणी ओढलं, तिकडे अक्कांच्या घराखालच्या चोथ्यातलंही पाणी निघून आलं, आणि पिळलेली गोधडी बसते तशी जमीन खाली बसली.

"भिंत बांधायला आला का घर पाडायला?" अक्का म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागलं. "दीर पाहतील तर म्हणतील, वहिनी, झालं ना आता? चला दीपनगरले."

मी धावत जाऊन इंजिन बंद केलं. त्या दिवशी मी कोणावर ओरडलो नाही, त्यामुळे मजूर घाबरले.

त्यानंतर सगळा चर एकदम उघडायचा नाही, हे ठरलं. चारेक हातांचा तुकडा खणायचा, हाती लागेल तेवढा चोथा काढायचा, आणि अंधार पडायच्या आत तो मोठ्या दगडांनी भरून टाकायचा. मग शेजारचा तुकडा सोडून पुढचा. शेजारी घट्ट झाला की मधला. वेळ लागत होता, पण जमीन ऐकत होती. बहुतेक ठिकाणी आम्ही मुरमापर्यंत पोचलो. ऐन वळणावर मात्र मुरूम लागेचना. तिथे दगड चोथ्यात दाबून दाबून रुंद बैठक केली आणि तिच्यावर पाया घेतला. भिंत वर यायला लागली. पाणी निघून जायला मधे मधे नळ्या ठेवल्या. अक्का रोज चहा पाठवायला लागल्या. लाटणं दिसेनासं झालं.

आणि मग मी दोन दिवस घरी, साक्रीला गेलो.

भीक नको पण कुत्रं आवर, असं म्हणायची वेळ माणसावर कधी येते ते मला परत आल्यावर कळलं. भिंतीच्या मागचा खड्डा काठोकाठ भरलेला! वर सपाट अंगण. अंगणावर सडा, सड्यावर रांगोळी. गल्लीतले दहा-बारा जण ओळीने उभे, चेहऱ्यावर असं हसू की आता हार घालायचाच बाकी.

"साहेब, तुमचं काम हलकं केलं," एक म्हणाला. "सगळ्या गल्लीनं दोन दिवस ट्रॉल्या लावल्या."

"भरलं काय त्यात?"

"खोडं. आत्ताची, ताजी. वरून काळी माती."

मी डोक्याला हात लावून खालीच बसलो. आयुष्यात मला आलेला सगळा राग एका ठिकाणी गोळा झाला आणि तोंडातून मराठी बाहेर येईना, आमची अहिराणीच आली. "अरे, काय करी ठेयं हाई? कसाले? बठ्ठं बुडायं ना!" म्हणजे, काय करून ठेवलंत हे, सगळं बुडालं ना! असोद्याकडच्या त्या लोकांना आमची बोली ऐकून हसू फुटलं, आणि तेवढ्यात अक्का म्हणाल्या, "ओरड लागीन तेवढा, पण रांगोळी पुसू नको."

रागवायचं तरी कोणावर? त्यांनी प्रेमानेच केलं होतं. त्या गावात खड्डा दिसला की खोड टाकायचं, हे कोणाला शिकवावं लागत नाही.

दोन दिवसांनी लोकांनाच काळजी वाटली. मी काही बोलायच्या आत त्यांनी नाल्याच्या बाजूने भिंतीला चार बल्ल्या टेकू म्हणून लावल्या. सकाळी बघतो तर दोन बल्ल्या खाली पडलेल्या. याने त्याच्यावर आळ घेतला, त्याने याच्यावर. मी ओळंबा सोडून पाहिला. बल्ल्या कोणी पाडल्या नव्हत्या. भिंतच त्यांना सोडून मागे निघाली होती.

कारण सरळ होतं. वळणावर पायाखाली चोथा राहिलाच होता. मागे एकदम एवढं वजन आलं तसा पायाच्या मागच्या अंगाचा चोथा दबला, आणि भिंत त्या अंगाला कलली. आज मागे रेलली होती, पण पाऊस पडून आतली ताजी खोडं सडून लापशी झाली की तीच भिंत पुढे लोटांगण घालणार, आणि तिच्या मागोमाग अक्कांचं स्वयंपाकघर. हे मी अक्कांना स्पष्ट सांगितलं. त्यांनी रांगोळीकडे पाहिलं, पदर खोचला आणि पहिलं घमेलं स्वतः उचललं. ज्या गल्लीने दोन दिवसांत भरलं होतं, त्याच गल्लीने पाच दिवस उपसलं. भरताना गाणी होती, उपसताना शिव्या.

वजन उतरल्यावर भिंत थांबली. पण मागे भरायचं काय? मुरूम जड, माती त्याहून नकोशी, आणि काहीच न भरावं तर अंगण कुठलं? त्याच सुमारास अक्कांचे दीर स्कूटरवर आले. त्यांना सगळे नाना म्हणायचे. माणूस भला. त्यांनी भेग पाहिली, भिंत पाहिली आणि हळूच म्हणाले, "वहिनी, हट्ट सोडा. आमच्याकडे एकच त्रास आहे, राख. वीज केंद्राची राख उडून उडून जेवणाच्या ताटात येते. तेवढं सोडलं तर..."

"नाना," मी मधेच म्हणालो, "ही राख वजनाला कशी असते?"

"हलकी असते म्हणून तर उडते ना, साहेब!"

मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसूनच दीपनगरला गेलो. राखेचे डोंगर पडलेले होते. घमेलं भरून उचललं, तर मातीच्या घमेल्यापुढे ते अगदीच हलकं. ओलं करून दाबलं तर चांगलं घट्ट बसायचं. मला इतका आनंद झाला की मी नानांना मिठी मारली, आणि दोघंही पांढरे झालो. बिचाऱ्या नानांनी कानबाई दीपनगरला न्यायची म्हणून वर्षभर जे साकडं घातलं, त्याच्यावर स्वतःच राखेचे ट्रक पाठवून पाणी सोडलं. पुढे ते म्हणायचे, मी देवी न्यायला गेलो आणि माझीच राख झाली.

राख वीतभर पसरायची, पाणी शिंपडायचं, धुम्मसने ठोकायची आणि थांबायचं. ओळंबा हलला नाही तरच पुढचा थर. तोवर पाऊस लागला होता, त्यामुळे पाणी आयतं मिळत होतं. उघडीप पडली की मात्र राख उडायची. गल्लीतली धुणी करडी झाली, अक्कांची म्हैस पांढरी झाली, तिचं दूध काढायला बसलेला माणूस शिंकला की ती बादली लाथाडायची. सगळ्यात वर मुरमाचा पातळ थर दिला. भिंत शेवटचं जरासं हलली आणि गप्प झाली. अक्कांच्या घराची भेग आम्ही गिलावा करून बुजवली, आणि ती पुन्हा उघडली नाही.

पण नुसतं अंगण पेलणं वेगळं आणि शंभर-दीडशे माणसं पेलणं वेगळं. कानबाईच्या आदल्या आठवड्यात मी अक्कांना म्हणालो, "यंदा गर्दी पुढच्या दाराला ठेवा. चोथा अजून बसतोय. एक पावसाळा जाऊ द्या."

"कानबाई मागच्या अंगणातून निघते. नाल्याकाठानं नदीवर जाते. तिले काय सांगू, साहेबभाऊ म्हणतो गल्लीतून जा?"

"अक्का, तुम्हाला कळत कसं नाही!"

"मले एवढंच सांग, भिंत उभी राहीन का नाई राहीन?"

"राहील!" मी ओरडलो. "नाही राहिली तर मी खाली उभा आहे ना! पडू दे माझ्याच अंगावर!"

"खाली उभा राहशीन?"

"राहीन! सोमवारी सकाळी येऊन बघा!"

अक्का तशाच आत गेल्या. माझा राग उतरला तशी मला अक्कल आली, पण बोलून बसलो होतो.

सोमवारी सकाळी कानबाई निघायची वेळ झाली. मी नाल्यात गुडघाभर पाण्यात, ओळंबा भिंतीला लावून उभा. वर डफ वाजत होता. सुरतेचा मुलगा, नाशिकच्या लेकी, धुळ्याच्या सुना, नाना आणि त्यांचा सगळा दीपनगरचा गोतावळा. मला फक्त पावलांचा आवाज येत होता. मग बायकांनी फुगड्या सुरू केल्या. माय गं! एक थांबली की दुसरी जोडी. माझ्या डोक्यावरच्या दगडांतून ती धडधड हातात येत होती. नळ्यांमधून पाणी गळत होतं. मी ओळंब्याच्या दोरीकडे पाहत होतो आणि आयुष्यात कधी केला नव्हता एवढा देवाचा धावा करत होतो. दोरी थरथरायची आणि पुन्हा जागेवर यायची. देवी डोक्यावर घेऊन अक्का अगदी कडेने गेल्या, मुद्दाम, आणि वाकून खाली बघितलं. मी तिथेच होतो.

सगळे नदीवरून परतले तरी मी खालीच होतो. आता बसलं तरी चालेल असं वाटलं तेव्हा दगडावर बसलो. वरून हाक आली, "साहेबभाऊ, ये, रोट खायले."

मी वर गेलो, पण उंबऱ्याशीच थबकलो. कानबाईचा रोट, म्हणजे तिच्या प्रसादाच्या गव्हाची पोळी, घरच्याच माणसांनी खायचा असतो. परक्याला देत नाहीत. उरला तर पुरतात, पण देत नाहीत. मी साक्रीचा, मला काय माहीत नाही? म्हणालो, "नको अक्का, मी डबा आणलाय. मी बाहेरचा."

"बाहेरचा कसा?" अक्का म्हणाल्या. "रोटाचे गहू मोजतानी घरातल्या एकेका माणसाच्या नावानं मूठ टाकतात. तुझी टाकेल हाये."

"कधी?"

"तू बोंबलला ना, खाली उभा राहतो म्हणून? तसीच आत गेली अन् टाकली."

सगळी भाऊबंदकी माझ्याकडे बघत होती. पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली, हातात ओळंबा, आणि मला रडू येत होतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "पण अक्का, माझं नाव तरी कुठे माहीत आहे तुम्हाला?"

खरंच नव्हतं माहीत. होळीपासून श्रावणापर्यंत त्यांनी मला साहेबभाऊशिवाय दुसरी हाक मारली नव्हती.

"नाई माहीत," अक्का पाट सरकवत म्हणाल्या. "'भिंतीखालचा' म्हटलं अन् टाकली मूठ. देवीले बराबर समजलं. बस आता, गार होऊ राह्यलं."